खळ्यात बसा

परत येऊन आठ दिवस झाले. कामरगावात जो भेटतो तो एकच विचारतो, "बाई, समुद्र कसा असते जी?" मी सांगते, मोठा असतो. त्यानं त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. समुद्र बघायला काही विशेष लागत नाही. तो समोर असतो, डोळे उघडे असले की दिसतो. पण वऱ्हाडातून सहा माणसं तिथवर न्यायची म्हणजे काय, ते मला विचारावं. ते कोणी विचारत नाही. म्हणून न विचारताच लिहिते आहे, आणि रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

सहा माणसं म्हणजे माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते. सासूबाई, म्हणजे आत्याबाई. माझे यजमान, जे वाशीमला एका कचेरीत कारकून आहेत आणि शनिवारी रात्री घरी येऊन सोमवारी पहाटे जातात. सुजाता आणि प्रज्ञा या दोन मुली, अकरा आणि सहा वर्षांच्या. आणि मी, शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारी. मराठी शिकवणारी हे लक्षात ठेवा, पुढे माझीच त्यावरून शोभा व्हायची आहे.

कामरगाव

खूळ मामाजींच्या डोक्यात आलं ते सुजाताच्या भूगोलामुळे. एका संध्याकाळी ती ओट्यावर घोकत बसली होती, महाराष्ट्राच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे. मामाजी सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "सुजे, त्याच्यावर राखन कोनाची असते?"

"कोणाची नसते आबा. समुद्र आहे तो."

"म्हंजे कोनीबी जावं अन पान्यात हात घालावा?"

"हो. कोणीपण."

मामाजींनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "मले पाह्याचा हाय."

हे ऐकून आत्याबाई हसल्या, मुली हसल्या. मला हसू आलं नाही. मामाजींचं तरुणपण गावच्या विहिरीपासून दहा पावलांवर घागर घेऊन उभं राहण्यात गेलं आहे. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाही ओतलं तर नाही. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हापासून ते त्या विहिरीकडे गेले नाहीत, आणि त्याविषयी ते माझ्याजवळ आयुष्यात एकदाच, दोन वाक्यं बोलले. तेवढ्यावरून मला कळलं की हा माणूस समुद्र बघायला निघालेला नाही. राखण नसलेलं पाणी बघायला निघालाय.

बाहत्तरचा दुष्काळ ओसरून चार वर्षं झाली होती. मामाजींच्या तीन एकरांत ज्वारी बरी आली होती. मी ठरवलं, या मे महिन्यात न्यायचंच. आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

पहिला ताप हेडमास्तरांनी दिला. सुट्टीत गाव सोडायचं म्हणून अर्ज द्यायला गेले. कारण लिहिलं होतं, हवापालट. त्यांनी चष्मा वर केला, अर्ज वाचला, चष्मा खाली केला आणि म्हणाले, "आता तुमीबी हवापालट करून राह्यले काय!" त्या 'बी'वर त्यांनी असा काही जोर दिला की माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी म्हटलं, "सर, हवा सगळ्यांची एकच असते, पालटली तर सगळ्यांची पालटते." ते सही करेपर्यंत मी तिथून हलले नाही. अजूनही तो 'बी' माझ्या कानात आहे.

दुसरा ताप घरातलाच. आत्याबाईंनी सामानाची जमवाजमव सुरू केली. ज्वारीचं अर्धं पोतं, कारण तिकडे म्हणे नुसता भात खातात आणि भातानं मामाजींचं पोट भरत नाही. तिखटाचा डबा, तेलाचा डबा, स्टो, रॉकेलची कॅन, दोन सुरया, चार वाकळा. इथवर मी ऐकून घेतलं. मग त्या पाटा-वरवंटा उचलायला लागल्या.

"आत्याबाई, तिकडे लोक चटणी वाटतातच की. पाटा असेल त्यांच्याकडे."

"त्यायच्या पाट्यावर त्यायची मच्छी वाटलेली असन. मी नाई वाटत." आत्याबाईंनी धर्मांतरानंतर मासमच्छी सोडली होती, त्यावर कोणी बोलायचं नाही.

जीप कारंज्याच्या रहेमानभाईंची, लांबड्या बांध्याची, वर ताडपत्रीचं छप्पर. पाटा चढताना बघून ते म्हणाले, "बाई, ये जीप है, मालगाडी नै." शेवटी वरवंटा आला आणि पाटा राहिला. नुसता वरवंटा घेऊन आम्ही कोकणात गेलो. याचा अर्थ काय, ते मला विचारू नका.

पण हे सगळं किरकोळ. खरा स्फोट झाला तो एका पोस्टकार्डानं.

यजमानांच्या कचेरीत कोकणातले एक कारकून होते. मालवणच्या अलीकडे एका लहानशा गावात त्यांच्या लांबच्या काकींचं घर होतं. समुद्र म्हणे परसदारात. काकी एकट्या राहतात, उन्हाळ्यात घर भाड्यानं देतात. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. सहा माणसं, त्यात दोन म्हातारी आणि दोन मुली, आठ दिवस राहू, स्वयंपाक आमचा आम्ही करू. आमचं आडनाव गावावरून आहे. त्यावरून कोणाला काही कळतं, कोणाला काही कळत नाही. मी काही लपवलं नाही आणि मुद्दाम काही सांगितलंही नाही.

उत्तराचं कार्ड आलं तेव्हा मी शाळेत होते. पोस्टमननं ते ओट्यावर बसलेल्या मामाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. सप्रेम नमस्कार वि. वि. माणसे सहा म्हणता, तर घरात फार उकडेल. तेव्हा तुम्हास खळे मोकळे करून देते. म्हाताऱ्या माणसांना खळ्यासारखी जागा नाही.

खळं. शेतातून कणसं आणून, जमीन चोपून-सारवून, बैल फिरवून जिथं ज्वारीची मळणी करतात ते खळं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला शब्द. आणि आमच्या लोकांना तो जरा जास्तच ठाऊक आहे. मळणी झाली, धान्याची रास झाली, मापं मोजून पोती घरी गेली, की वर्षभर गावाची कामं केलेल्या आमच्या माणसांनी खळ्याच्या कडेला यायचं. आत पाय टाकायचा नाही. धोतर पसरायचं. मग तळाचं, माती मिसळलेलं जे उरलं असेल ते सुपानं वरून धोतरात टाकायचे. मामाजी वयाच्या पस्तिशीपर्यंत असे उभे राहिले. त्यानंतर त्यांनी कोणाच्या खळ्यावर पाय ठेवला नाही. आता स्वतःच्या तीन एकरांची ज्वारी काढतात तीसुद्धा ताडपत्रीवर झोडतात आणि त्या जागेला ताडपत्रीच म्हणतात. खळं हा शब्द आमच्या घरात बोललाच जात नाही.

मी शाळेतून आले तर मामाजींनी बांधलेली वळकटी सोडून ठेवली होती. "सूनबाई," ते म्हणाले, "त्या बाईले आमचं नाव कळलं. घरात घेत नाई, खळ्यावर उतरवते. मी नाई येत."

मी त्याच ओट्यावर बसून पत्र लिहिलं. रागानं भराभर लिहिलं म्हणून अक्षर वाईट आलं, मराठी शिकवणारीच्या मानानं फारच वाईट. 'आम्ही माणसे आहोत, कणसे नाही. पैसे देऊन येतो आहोत. राहू तर घरात राहू. तुमचे खळे तुम्हाला लखलाभ असो.' उत्तर यजमानांच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं, म्हणजे पुन्हा ओट्यावर वाचन नको.

मी यजमानांना म्हटलंही, कचेरीत त्या कोकणातल्या माणसाला जरा विचारा. ते म्हणाले, "काय विचारू? खळं म्हंजे काय? मंग तो विचारन, काहून? मंग त्याले सगळं सांगत बसू?" त्यांचंही खरं होतं. काही प्रश्न विचारायचे म्हटले की आधी आपली सगळी कुंडली मांडावी लागते, आणि ती मांडायचा कंटाळा येतो.

पुढच्या शनिवारी ते घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "कार्ड आलं. घर देतो म्हनते." मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "घरच?" "हो बाबा, घरच." मामाजींनी वळकटी पुन्हा बांधली.

वाशीम ते कोल्हापूर

यजमानांना वाशीमच्या स्टँडसमोरून उचललं आणि हिंगोलीच्या रस्त्याला लागलो. पहिले दोन दिवस ऊन, धूळ आणि प्रज्ञाची उलटी यांत गेले, ते वाचून कोणाचं भलं होणार नाही. खाण्याचं मात्र सांगते. आत्याबाईंनी रोडगे करून घेतले होते, कणकेचे भाजलेले जाड गोळे. दुसऱ्या दिवशी ते इतके कडक झाले की रहेमानभाईंनी ते वरवंट्यानं फोडले. म्हणजे वरवंटा अगदीच फुकट गेला नाही. सोलापूरकडे एका खानावळीत जेवलो, तिथल्या शेंगदाण्याच्या चटणीला आत्याबाईंनी नाव ठेवलं आणि दोनदा मागून घेतली. तिथल्या पोऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, कुठलं?" मामाजी म्हणाले, "वऱ्हाड. समुद्र पाह्याले चाल्लो." हे वाक्य ते वाटेत भेटेल त्याला सांगत होते, कोणी विचारो न विचारो.

कोल्हापूरला एका धर्मशाळेत उतरलो. नळ होता, म्हणून मी सगळ्यांचे कपडे धुवायला काढले. यजमानांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेलं कार्ड सापडलं. तेच. मी नळाजवळ उभी राहून वाचलं.

'घर तुमचेच आहे, हवे तिथे राहा. पण खळ्यावर का रागावलात ते मला कळले नाही. खळ्याशिवाय कसे होईल? खळे सारवून घेतले आहे, वर माडाच्या झावळ्यांचा माटव घातला आहे. आलात की आधी खळ्यातच बसा.'

मी ओला सदरा त्यांच्या अंगावर फेकला. हो, फेकला. धर्मशाळेतल्या तीन बिऱ्हाडांनी पाहिलं.

"हे लपवलंत?"

"अवो, हळू बोल ना. बाबा आयकतीन."

"आणि तिथं पोचल्यावर? तिथं नाही ऐकणार?"

"तिथं गेल्यावर पाहू म्हनलं. एकदा समुद्र दिसला की..." पुढचं मीच समजून घ्यावं अशी त्यांची इच्छा होती. बापाला समुद्र दाखवायची हौस यांना माझ्याइतकीच होती, म्हणून खोटं बोलले. माझा संताप त्यानं कमी झाला नाही. उलट वाढला, कारण आता त्या खोट्यात मीही होते. मामाजींना सांगितलं असतं तर ते तिथून एस.टी.नं कामरगावला परत गेले असते. दोनशे कोस येऊन, समुद्र एका घाटाखाली असताना. मी सांगितलं नाही.

घाट उतरल्यावर

फोंड्याचा घाट उतरताना मुली ओरडत होत्या. सगळीकडे हिरवं, तांबडी माती, घरांवर कौलं. आमच्याकडे मे महिन्यात अशी हिरवळ बघायची तर चित्रातच. मामाजी पुढच्या सीटवर ताठ बसले होते, डोक्याला नवा फेटा. दर वळणावर रहेमानभाईंना विचारत होते, "आला का?" आणि रहेमानभाई, ज्यांनी स्वतः कधी समुद्र पाहिला नव्हता, खात्रीनं सांगत होते, "अब आयेंगा."

मी मागे बसून काकींना काय बोलायचं ते जुळवत होते. इतकं तयार करून मी कधी शाळेतसुद्धा शिकवलेलं नाही.

दुपार कलता कलता गाव आलं. नारळीच्या बागेतून एक वाट, वाटेच्या टोकाला जांभ्या दगडाचं बसकं घर, वाटेकडे त्याची बाजूची भिंत, आणि घराच्या मागून एक आवाज, सतत, कोणी मोठं जातं फिरवत असल्यासारखा. मामाजींनी ओळखलं. त्यांनी जीपचं दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

घरातून लुगड्याला हात पुसत एक साठीच्या बाई धावत आल्या. नाकात मोठी नथनी, तोंडभर हसू. "येवा, येवा! दमलास असतलास! खळ्यात बसा, आधी खळ्यात बसा!"

मामाजींनी पाय वर घेतला आणि दार ओढून घेतलं.

मला पुढचं नीट आठवत नाही, इतरांनी सांगितलेलं आठवतं. मी जीपमधून उडी मारली म्हणे. "तुम्हाला लिहिलं होतं ना? एकदा लिहिलं होतं ना, की आम्ही खळ्यावर बसणार नाही म्हणून? आमचे लोक किती पिढ्या बसले त्याचा हिशोब आहे का तुमच्याकडे? चार दिवस हाडं मोडून घेऊन आलो ते तुमच्या खळ्याच्या कडेला बसायला?" असं बरंच. प्रज्ञा रडायला लागली. यजमान जीपच्या मागच्या चाकाकडे बघत उभे राहिले, जणू ते पंक्चर आहे.

काकी घाबरल्या नाहीत, पण गोंधळल्या. "बाय, खळ्यात नाय तर खंय बसतलास? माका काय्येक कळना नाय. चल माझ्यावांगडा." आणि त्यांनी माझं मनगट धरून मला घराच्या पुढच्या बाजूला नेलं.

तिथं अंगण होतं. शेणानं सारवलेलं, इतकं गुळगुळीत की पाय टाकायला जीव होईना. वर झावळ्यांचा मांडव, त्यातून उन्हाचे ठिपके पडलेले. मध्ये तुळस. एका बाजूला धुतलेल्या चटया पसरलेल्या, त्यावर सहा तांबे, पाण्यानं भरलेले, आणि गुळाचे खडे.

"ह्यां खळां," काकी म्हणाल्या.

"हे अंगण आहे."

"अंगण म्हणा. आमी खळां म्हणतंव. माझ्या लग्नाची पंगत हयच बसलेली. पावणो इलो की हयच बसवतंव. घरात कित्याक, घरात काळोख."

मी तिथं उभी राहिले. बारा वर्षं मी मुलांना मराठी शिकवते. एका शब्दाचे अनेक अर्थ असा धडाच आहे, मी तो दर वर्षी घेते. आणि एका शब्दापायी मी एका बाईला तिच्या दारात ओरडून आले होते, एका म्हाताऱ्याला समुद्रापासून तीस पावलांवर जीपमध्ये कोंडून आले होते. राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. म्हणून मी आणखी विचारलं.

"इथं भात झोडता?"

"झोडतंव तर. पावसाळो सरलो की."

"तेव्हा कडेला कोण उभं राहतं?"

काकींचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जीपकडे पाहिलं. त्यांना कळलं. आता आमचं नाव त्यांना खरोखर कळलं. 

"पयली रवत होती मानसां," त्या हळू म्हणाल्या. "खोटां कशाक सांगू? माझ्या सासऱ्याच्या येळार रवत होती. त्या तिथं, आंब्याकडे." त्यांनी बोट दाखवलं. मग एक तांबा आणि गुळाचा खडा उचलला आणि स्वतः जीपकडे निघाल्या.

आधी पाणी

मामाजींनी तांबा घेतला नाही. "खळं कोनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझां."

"मी कडेले बसत नाई."

"कडेक कित्याक? मदी बसा."

मामाजींनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. मग उतरले. पण खळ्याकडे गेले नाहीत. घराला वळसा घालून, नारळी ओलांडून, सरळ आवाजाच्या दिशेनं चालू लागले. "आंधी पानी पाहू," एवढंच म्हणाले. आम्ही सगळे मागून, काकी तांबा घेऊन त्याच्याही मागून.

समुद्र दिसला तेव्हा मुलींनी आरडाओरडा केला, आत्याबाईंनी हात जोडले, रहेमानभाई "या अल्ला" म्हणून वाळूत बसले. मामाजी थांबलेच नाहीत. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात गेले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जसं कोणी येऊन हटकेल की काय. कोणी नव्हतं. वाकले, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि प्यायले.

आणि थुंकले. "खारं!" ते आमच्याकडे वळून ओरडले. इतके चिडलेले मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, पोस्टकार्डाच्या दिवशीही नाही. "सुजे, तू सांगतलं काहून नाई? एवढं पानी अन पेता येत नाई!"

"आबा, पुस्तकात होतं की."

मामाजी पुन्हा समुद्राकडे वळले. चेहऱ्यावरून खारं पाणी गळत होतं. "म्हनूनच," ते म्हणाले, "म्हनूनच कोनी राखत नाई."

काकींनी मागून तांबा पुढे केला. गोड्या पाण्याचा, त्यांच्या विहिरीचा. मामाजींनी तो घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. नंतर गुळाचा खडा तोंडात टाकून वर आले. एक चटई ओढून घेतली आणि बसले ते बरोबर मधोमध, तुळशीला पाठ लावून.

आठ दिवस

आठ दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही, कारण ते चांगले गेले आणि चांगल्या दिवसांविषयी मला नीट लिहिता येत नाही. काकींनी मासे केले, आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. आत्याबाईंनी काकींच्या चुलीवर भाकरी थापल्या, काकींनी हातात घेऊन वजन केल्यासारखं पाहिलं आणि तीन खाल्ल्या. कोकमाचं सार आमच्या मुलींना इतकं आवडलं की प्रज्ञाच्या दोन फ्रॉकांचं वाटोळं झालं. यजमान पहिल्याच दिवशी उघड्या पाठीनं पाण्यात उतरले आणि पुढचे तीन दिवस पोटावर झोपले. मला त्यांची दया आली नाही, माझ्या डोक्यात अजून सदऱ्याचा खिसा होता.

तिथली माणसं हळू बोलतात आणि वाक्य अर्धं सोडतात. आमच्याकडे वाक्य संपवून वर विचारतात, समजलं का. काकी मामाजींशी मालवणीत बोलायच्या, मामाजी वऱ्हाडीत, आणि दोघांचं चांगलं पटायचं. रोज सकाळी मी उठून बघायची तर मामाजी खळ्याच्या मध्यावर बसलेले. खळ्यात म्हणजे अंगणात. मी पण आता तो शब्द बोलायला लागले होते. मामाजी बोलत नव्हते. ते 'तिथं' म्हणत.

निघताना

निघायच्या सकाळी जीप भरली. अर्ध्या पोत्यातली जवळपास निम्मी ज्वारी उरली होती. आत्याबाई म्हणाल्या, घेऊन चला, वाटेत लागेल. मामाजी म्हणाले, "नाई. हे त्यायले." त्यांनी पोतं खळ्याच्या मध्यावर ओढून आणलं, तोंड सोडलं, आणि काकींकडे माप मागितलं. काकींनी शेर आणला.

"बाई, घ्या. आमच्या वावरातली हाय. खडा नाई, माती नाई."

काकी पुढे आल्या. बायका धान्य घेतात तसंच त्यांनी केलं. कंबरेचा पदर सोडला, दोन्ही हातांनी समोर पसरला आणि जरा वाकून उभ्या राहिल्या.

मामाजींचा भरलेला शेर हवेतच राहिला. मी जीपपाशी होते, तिथूनही मला त्यांचा हात दिसत होता. सगळे थांबले, कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. पंचवीस-तीस खळ्यांच्या कडेला पसरलेलं धोतर मला दिसलं, जे मी कधी पाहिलेलं नाही. आणि मला वाटलं, आता हा माणूस टाकेल, एकदा तरी वरून टाकेल, त्याचा हक्क आहे.

त्यांनी शेर पोत्यावर ठेवला.

"पदर घ्या वर," ते म्हणाले. "खळ्यावर कोनी माझ्यापुढं पदर पसरू नये. भांडं आना, बाई. मोठं आना. मी थांबतो."